कीड न लागलेले झाड

श्रोतेहो, नमस्कार. सगळ्या वावरावर बोंडअळी फिरलेली असताना कपाशीचे एखादेच झाड निरोगी उभे दिसले, तर आपल्या खानदेशातला जाणता शेतकरी फवारणीचा पंप खाली ठेवून आधी त्या झाडापाशी थांबतो. लठ्ठपणा आणि त्याच्यामागून येणारे मधुमेह, यकृतातील चरबी असे विकार यांवर नवी औषधे शोधणारे शास्त्रज्ञ अलीकडे हेच करू लागले आहेत.

औषध शरीरातल्या ज्या रेणूवर जाऊन काम करते, त्याला त्या औषधाचे लक्ष्य म्हणतात. पूर्वी हे लक्ष्य बहुधा उंदरांत शोधले जाई. 1994 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला लठ्ठ उंदरांच्या अभ्यासातून लेप्टिनचे, म्हणजे भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचे, जनुक सापडले, तेव्हा लठ्ठपणावर इलाज मिळाला असेच अनेकांना वाटले; पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच जास्त असते, फक्त मेंदू त्याला दाद देत नाही, असे पुढे दिसून आले. रिमोनाबंट या औषधाने तर भूक आवरता आवरता काही रुग्णांच्या मनाचा तोल बिघडवला आणि 2008 मध्ये युरोपात त्याची विक्री थांबवावी लागली. उंदीर आपल्याला उदास वाटते म्हणून सांगायला येत नाही, ही या पद्धतीतली मोठीच उणीव म्हणायची.

म्हणून आता शोध माणसांतच सुरू होतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, ब्रिटन आणि मेक्सिकोतील सुमारे 6 लाख 40 हजार लोकांची जनुके वाचली गेली. त्यांपैकी दर दहा हजारांत जेमतेम चौघांमध्ये जीपीआर-75 या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी होती. त्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी 5.3 किलोंनी कमी भरले आणि लठ्ठ होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आली. निसर्गाने जे जनुक आपणहून बंद ठेवले आणि तरीही माणूस धडधाकट राहिला, ते औषधाने बंद करण्याचा विचार करता येतो. त्यानंतरच उंदराची पाळी येते: त्याच्यातले तेच जनुक काढून टाकले, तर तेलकट खाऊनही तो फारसा फुगला नाही.

आपल्याकडे मात्र वजनकाटा अपुरा पडतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, सारखाच 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के भरली. माझ्या दवाखान्यात येणारे, कळण्याची भाकरी खाणारे, हातापायांनी काटक पण पोट सुटलेले गृहस्थ मला त्यामुळेच कोड्यात टाकत नाहीत. त्यांच्यासाठी भूक मारणाऱ्या लक्ष्याइतकेच, कदाचित थोडे अधिकच, यकृतातली चरबी हलवणारे लक्ष्य मोलाचे आहे. थायरॉइड संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या यकृतातील ग्राही प्रथिनावर काम करणाऱ्या रेस्मेटिरोम या औषधाला अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली, ती याच वाटेवरची.

पण वाचलेली जनुके बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पात आपल्या देशातील 10 हजार जणांची जनुके वाचून झाली आहेत. दहा हजारांत चौघांत सापडणारी गोष्ट तेवढ्यात कितीदा हाती लागणार, हे श्रोत्यांनीच मोजावे. यावलच्या केळीच्या मळ्यात किंवा सातपुड्याच्या एखाद्या पाड्यावर तसे निरोगी झाड उभे असेलही. त्याच्यापाशी अजून कोणी थांबलेले नाही.