दात तोच, तपासणारे दोन

नमस्कार. समोर गुरुजी-बाई आहेत, आशाताई आहेत, दातांचे डॉक्टरही दिसतायत, म्हणून दात का किडतो ते सांगत बसत नाही. तुम्ही बोलावलंत ते ‘कप्पा’साठी, म्हणजे दोन तपासनिसांचं किती जुळतं ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, पण आधी थेट खाडीवर येतो.

रत्नागिरीकडे एका खाडीच्या दोन काठांना दोन शाळा. मासे तेच, भात तोच, लग्नं पण एकमेकांत. तपासणी झाली आणि अलीकडच्या शाळेत दर मुलामागे किडलेले दात पलीकडच्या जवळजवळ दुप्पट निघाले. झालं! शाळेसमोरच्या दुकानदाराला लोकांनी धारेवर धरलं, पालकसभेत आयांना ऐकवलं की तुम्ही पोरांना ब्रश करायला लावत नाही, कुणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला.

मी गेलो तेव्हा जून होता, पोरांच्या जिभा जांभळ्या. सातवीतल्या एका मुलाला पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवलं, चूळ भरायला लावली. खालच्या दाढेच्या खाचेत काळी रेघ. अर्धा मिलिमीटर गोल टोकाची, दात चाचपायची प्रोब असते ना, ती हलकेच फिरवली, तळ टणक. जागतिक आरोग्य संघटनेचा सर्व्हेचा नियम स्पष्ट आहे, नुसता डाग असेल आणि तळ मऊ नसेल तर कीड लिहायची नाही, शंका आली तरी दात चांगलाच धरायचा. अलीकडच्या डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘किडलेला’. अशाच रेघा पलीकडच्या डॉक्टरांनी सोडून दिल्या होत्या. दोघेही प्रामाणिक, दोघांचाही हात चांगला. क्लिनिकमध्ये संशयित दाताकडे जास्त लक्ष देणं बरोबरच आहे, पण सर्व्हे म्हणजे क्लिनिक नव्हे, आणि कीड कशाला म्हणायचं ते जुळवायला हे दोघं सुरुवातीला एक दिवस एकत्र बसलेच नव्हते. त्या आयांनी बोलणी खाल्ली ती या न झालेल्या एका दिवसापायी, याचा मला आजही राग येतो.

उजेडाचंही तेच. सकाळी खिडकीशी दिसणारी खाच दुपारी आभाळ भरून आलं, लाईट गेली की दिसत नाही. आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ! ती दुधाच्या दातांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात, घाईत तपासणाराही फसतो, मग पक्क्या दातांची नोंद दुधाच्या रकान्यात जाते. बारा वर्षांची मुलं जगभर निवडतात त्याचं एक कारण हेच, अक्कलदाढा सोडल्या तर पक्के दात बहुतेक आलेले असतात.

बाई घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं. ज्यासाठी बोलावलंत तो कप्पा आता पटकन सांगतो.

किडलेले, काढलेले, भरलेले दात मोजायची डीएमएफटी पद्धत १९३८ पासूनची. दोन तपासनिसांचं किती जुळतं यासाठी ८५ ते ९५ टक्के जुळणी हवी असं म्हणतात. आता हिशोब बघा. १०० दात, दोघांनीही प्रत्येकी ५ किडलेले लिहिले, पण दोघांच्या यादीत सामाईक एकच. ९१ दात दोघांनी चांगले म्हटले, म्हणजे ९२ टक्के जुळणी, पास! पण बहुतेक दात चांगलेच असले की डोळे मिटून लिहिलं तरी ९० टक्क्यांवर जुळतंच. ते नशिबाचं जुळणं वजा करतो तो कप्पा, जेकब कोहेनचा, १९६०चा. इथे तो येतो ०.१६. चांगला म्हणायला ०.८ च्या वर हवा. म्हणजे किडलेल्या दातांवर, ज्यासाठी एवढा खटाटोप, त्यांवरच एकमत नाही.

तोच डॉक्टर सकाळी-दुपारी वेगळं लिहितो तेही धरा, म्हणून ५ ते १० टक्के मुलं परत तपासायची असतात. आणि ब्रशिंगचा कार्यक्रम राबवून दोन वर्षांनी दुसराच माणूस तपासायला आला, तर कीड कमी झाली की फक्त माणूस बदलला, कसं कळणार?

तेव्हा गुरुजी, टीम आली की विचारा, परत तपासणी किती मुलांची, कप्पा रिपोर्टात छापणार का. आणि डॉक्टर मंडळी, पुढच्या मोहिमेआधी एका शाळेत सगळे मिळून तीच वीस-पंचवीस मुलं तपासा, जिथे पटत नाही तिथे त्याच मुलाला परत बसवून बोला. शाळा द्यायला बाईंनी मघाशीच हो म्हटलंय.