आधी रेंज, मग फोन

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय ‘नवीन स्मार्टफोन कसा निवडावा’, आणि मी आयोजकांना शब्द दिलाय की फोन घेण्याआधी तपासायच्या चार गोष्टी मी आज सांगणार. त्या सांगेनच. पण त्याआधी जरा हात वर करायला लावतो तुम्हाला. मागचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हे कोणी कोणी बघितलं? बघा, जवळजवळ सगळेच. बॅटरी किती एमएएच? परत सगळे. आता सांगा, त्या फोनला कुठले कुठले बँड, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सी, चालतात हे कोणी बघितलं? ... मागे एक हात दिसतोय. काका, टेलिकॉममध्ये होता का तुम्ही? वाटलंच मला.

तर माझं म्हणणं हेच आहे आणि मी ते मिळेल त्या व्यासपीठावरून सांगत असतो, की फोनच्या माहितीच्या पानावर जी ओळ सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात असते, ती सगळ्यात आधी वाचायला हवी. आपण महिनाभर रिव्ह्यू बघतो, दोन प्रोसेसरमधल्या पाच टक्क्यांच्या फरकावर घरात वाद घालतो, आणि तो फोन आपल्या घरात, आपल्या सिमवर, धड बोलू देईल का हे फोन हातात आल्यावर कळतं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण कॅमेरा थोडा कमी असला तर चालवून घेता येतं, पण समोरच्याला ‘हॅलो, आवाज येतोय का’ असं दिवसभर विचारत बसणं चालवून घेता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, रेंज कळतेच की, वर दांड्या दिसतात. ह्या दांड्यांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथेच सगळ्यांची दिशाभूल होते. २०१० सालची गोष्ट. जूनमध्ये ॲपलने आयफोन ४ आणला. बाहेरची स्टीलची कडा हाच त्याचा अँटेना होता, दिसायला फार सुंदर. पण डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात त्या कडेला एक बारीक फट होती, आणि फोन हातात असा धरला की तळहात बरोबर त्या फटीवर यायचा आणि रेंज पडायची. लोकांनी व्हिडिओ टाकले, चार-पाच दांड्या दिसतायत, हात लावला की एक. प्रचंड आरडाओरडा झाला. मग २ जुलैला ॲपलने एक जाहीर पत्र काढलं, आणि माझ्या मते मोबाईलच्या इतिहासातल्या सगळ्यात प्रामाणिक पत्रांपैकी ते एक आहे. त्यात त्यांनी सांगितलं की किती दांड्या दाखवायच्या हे ठरवणारं आमचं गणितच चुकलंय, बऱ्याच वेळा आम्ही असायला हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवतोय, आणि ही चूक पहिल्या आयफोनपासून आहे. पहिला आयफोन २००७ चा! म्हणजे तीन वर्षं लोक चार दांड्या बघून खूश होते आणि त्या होत्या दोन. पुढे १६ जुलैला पत्रकार परिषद घेऊन त्यांनी सगळ्यांना फुकट कव्हर दिलं, म्हणजे हात थेट धातूला लागू नये. अँटेनाचा दोष होताच, तो मी नाकारत नाही, पण तो एवढा भयानक वाटला कारण आधीच्या दांड्या फुगवलेल्या होत्या.

मुद्दा काय, तर किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या ह्याचा कुठलाही जागतिक नियम नाही. प्रत्येक कंपनी आपलं आपलं ठरवते. तुमच्या फोनवर तीन आणि बायकोच्या फोनवर चार, म्हणून तिचा फोन चांगला असं अजिबात सिद्ध होत नाही. आणि फक्त दांड्याच नाही, बाजूचं अक्षरसुद्धा. अमेरिकेत एटी अँड टी ह्या मोबाईल कंपनीने २०१९ मध्ये चक्क ४जी फोनवर ‘५जी ई’ असं चिन्ह दाखवायला सुरुवात केली होती, फोन तोच, सिम तेच, फक्त चिन्ह बदललं.

खरा आकडा असतो डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन सिम स्टेटस बघा, तिथे उणे काहीतरी असा आकडा दिसतो, आयफोनमध्ये फील्ड टेस्ट नावाचा लपलेला स्क्रीन आहे. ४जीला उणे ८०-८५ असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे ठीकठाक, उणे ११० च्या खाली गेलं की रडारड सुरू. आणि हा आकडा साधा नाही बरं का, दर दहाला दहापट फरक पडतो, म्हणजे उणे ९० आणि उणे ११० ह्यांच्यात शंभरपट फरक आहे. ज्यांनी आत्ता फोन काढून बघायला सुरुवात केलीये त्यांनी बघा, माझी हरकत नाही, फक्त रिंग म्यूट ठेवा.

इथे एक जाता जाता सांगतो, बॅटरीवाल्यांसाठी. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकदीने ओरडतो, ४जीमध्ये साधारण २०० मिलिवॉटपर्यंत, आणि टॉवरजवळ असला तर त्याच्या अगदी किरकोळ अंशात काम भागतं. म्हणून तोच फोन एका माणसाकडे दिवसभर टिकतो आणि दुसऱ्याकडे संध्याकाळी चारला चार्जर मागतो. रिव्ह्यूवाल्याने बॅटरी टेस्ट केली ती त्याच्या रेंजमध्ये, बऱ्याचदा वाय-फायवर, तुमच्या जिन्याखालच्या ऑफिसात नाही.

आता बँड म्हणजे काय ते. प्रत्येक ऑपरेटरला सरकारकडून ठराविक फ्रिक्वेन्सी मिळालेल्या असतात आणि त्यांना नंबर आहेत, बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, बँड ५ म्हणजे ८५०, बँड २८ म्हणजे ७००, बँड ४० म्हणजे २३००, ५जीचा एन७८ म्हणजे ३५०० च्या आसपास. बँडचा नंबर नाही, मेगाहर्ट्झचा आकडा बघा: लहान आकडा म्हणजे लांब पल्ला आणि भिंतीतून आत शिरण्याची ताकद, मोठा आकडा म्हणजे स्पीड जास्त पण पल्ला कमी. लांब कुठेतरी लाउडस्पीकर लागला की आपल्याला घरात फक्त बासचा धबधब ऐकू येतो, गाण्याचे शब्द येत नाहीत, तसंच हे. त्यामुळे रस्त्यावर उभं राहून स्पीड टेस्ट केली तर मोठ्या बँडवर सुंदर आकडे येतात, पण घराच्या आतल्या खोलीत, लिफ्टजवळ, बेसमेंटमध्ये तुम्हाला सांभाळतो तो लहान आकड्याचा बँड. आणि तोच तुमच्या फोनमध्ये नसला तर?

माझ्या मावशीचं नेमकं हेच झालं, आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणून सांगतोच. तिच्या मुलाने दुसऱ्या देशातून तिला फोन पाठवला. अगदी वरच्या दर्जाचा, नवा कोरा. गॅलरीत उत्तम चालायचा, घरात आलं की कॉल कट. मावशी मला म्हणाली, ‘अरे, एवढा भारीचा फोन आणि बोलायला उन्हात उभं राहायचं?’ तिने नेटवर्कवाल्यांना फोन केला, ते म्हणाले तुमच्या भागात आमचं कव्हरेज उत्तम आहे, फोन रीस्टार्ट करा. तिने केला. परत फोन केला, परत रीस्टार्ट. मग सर्व्हिस सेंटरला नेला, ते म्हणाले फोनमध्ये काही दोष नाही, नेटवर्कवाल्यांशी बोला. नेटवर्कवाले म्हणाले सिम बदलून घ्या. सिम बदललं. बँकेचे ओटीपी बंद पडले ते वेगळंच प्रकरण. बिचारी सत्तरीची बाई, इकडून तिकडे टोलवली जात होती, आणि प्रत्येक जण तिच्याशी असं बोलत होता की तिलाच फोन वापरता येत नाही.

मी गेलो तेव्हा एकच केलं, तिचं सिम काढून तिच्याच घरात भाडेकरू मुलाच्या साध्या फोनमध्ये टाकलं. स्वयंपाकघरात बसून व्यवस्थित कॉल लागला! मग तिच्या फोनचा मॉडेल नंबर बघितला. नाव तेच, डबा तोच, पण मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वेगळी, आणि त्या व्हेरियंटमध्ये तिच्या ऑपरेटरचा लहान आकड्याचा बँडच नव्हता. आता बघा, नेटवर्कवाले खरं बोलत होते, कव्हरेज होतं. सर्व्हिस सेंटरवालेही खरं बोलत होते, फोनमध्ये दोष नव्हता. पण ह्या दोघांचं एकमेकांशी जमतं का हे बघणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. मॉडेल नंबर विचारायला अर्धं मिनिट लागतं हो. तो कोणीच विचारला नाही, ह्याचा मला राग आहे.

...हो, चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. ठीक आहे, मग त्या चार गोष्टी पटापट घेतो, लिहून घेणाऱ्यांनी पेन काढा.

पहिली म्हणजे बँड, ती झालीच. तुमच्या ऑपरेटरचे बँड शोधा, फोनच्या नेमक्या मॉडेल नंबरचे बँड शोधा, नावावर जाऊ नका. लहान आकड्यांचे, म्हणजे १००० मेगाहर्ट्झच्या खालचे, सगळे जुळायलाच हवेत. ५जीच्या बाबतीतही तेच, सुरुवातीला काही फोन एकट्या एन७८ वर विकले गेले, डब्यावर ५जी मोठ्या अक्षरात, आणि ऑपरेटरने दुसरा बँड सुरू केला की ते तिथेच अडकले.

दुसरी, व्होल्टे. म्हणजे ४जीवरून कॉल. लोकांना वाटतं ४जी आहे म्हणजे कॉल लागणारच. नाही! २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच, त्यामुळे ४जी असूनही व्होल्टे नसलेल्या फोनवर कॉल करायला वेगळं ॲप घ्यावं लागायचं. आणि व्होल्टे हे नुसतं हार्डवेअरने होत नाही, फोन कंपनीने त्या ऑपरेटरसाठी सेटिंग घालून मान्यता दिलेली असावी लागते. आधी हे खपून जायचं, कारण कॉल गुपचूप ३जीवर उतरायचा. आता जगभर ३जी बंद होतंय. एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत बंद केलं आणि कुठले फोन चालतील त्याची यादीच काढली, यादीत नसलेले चांगले ४जी फोन बाद. ऑस्ट्रेलियात तर अजून गंभीर, २०२४ च्या ऑक्टोबरात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस ह्या तिथल्या ऑपरेटरनी ३जी बंद केलं तेव्हा कळलेलंच होतं की काही फोन रोजचे कॉल ४जीवर करतात पण आणीबाणीचा कॉल मात्र ३जीवरच टाकतात, म्हणून असे फोन नेटवर्कवरून ब्लॉक करायचा नियम झाला. जिवाशी संबंध असलेली गोष्ट आहे ही, म्हणून ऑपरेटरच्या साइटवर त्यांची फोनची यादी असेल तर ती बघाच.

तिसरी, लॉक. ऑपरेटरकडून हप्त्यावर किंवा करारावर स्वस्तात मिळणारा फोन बऱ्याच देशांत त्याच ऑपरेटरच्या सिमला बांधलेला असतो. कॅनडाने २०१७ च्या डिसेंबरपासून, ब्रिटनने २०२१ च्या डिसेंबरपासून आणि जपानने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून असे लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली, पण सगळीकडे तसं नाही. सेकंडहँड फोन घेताना किंवा बाहेरून कोणी आणत असताना एवढंच करा, दुसऱ्या ऑपरेटरचं सिम घालून कॉल लावून बघा. नुसतं नाव वर दिसलं म्हणजे झालं नाही, कॉल लावा.

चौथी, सॉफ्टवेअर. भारतात २०२२ च्या ऑक्टोबरात ५जी सुरू झालं, आयफोन १२ पासूनच्या फोनांत ५जी होतंच, तरी ते चालू झालं डिसेंबरात ॲपलचं आयओएस १६.२ चं अपडेट आल्यावर. म्हणजे हार्डवेअर तयार, टॉवर तयार आणि मध्ये नुसती परवानगी अडलेली. गुगलचे पिक्सेल जिथे अधिकृत विकले जात नाहीत तिथे बऱ्याच ठिकाणी व्होल्टे आणि ५जी असेच बंद असतात. तेव्हा जो फोन तुमच्या देशात अधिकृत विकला जातो तोच घ्या, दोन फीचर कमी असले तरी. ई-सिमचं, म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या सिमचंही ह्यातच, अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून प्लास्टिक सिमची खाचच नाही, तुमचा ऑपरेटर ई-सिम देत नसेल तर तो फोन घेऊन करणार काय?

एक प्रश्न घेऊ. ताई, बोला. ... ‘घरात कुठल्याच कंपनीची रेंज येत नाही, तर नवीन फोन घेऊन फरक पडेल का?’ फार चांगला प्रश्न आहे. फोन बदलण्याआधी वाय-फाय कॉलिंग सुरू करून बघा. घरी इंटरनेट असेल तर कॉल त्यावरून जातो, नंबर तोच राहतो, समोरच्याला वेगळं ॲप लागत नाही. पण त्यालाही तीच अट, फोन आणि ऑपरेटर दोघांनीही एकमेकांना मान्यता दिलेली हवी, आणि ते बघायचं ठिकाण म्हणजे कॉलिंगची किंवा सिमची सेटिंग. पर्याय तिथे दिसला तर चालू करा आणि आठवडाभर वापरा. दिसलाच नाही, तर ऑपरेटरला तुमचा मॉडेल नंबर सांगा आणि त्यावर वाय-फाय कॉलिंग चालतं का ते लेखी विचारा. रीस्टार्ट करा म्हणाले तर परत विचारा.