उडी, फटका आणि अंगठा

लांब उडी घेणाऱ्या खेळाडूकडे नीट पाहिले, तर धावेचा वेग, फळीवर पडणारे शेवटचे पाऊल आणि झेपावण्याचा कोन यांवरच बहुतांश उडी ठरते. कोनामी या जपानी कंपनीने १९८३ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, आणलेल्या ‘ट्रॅक अँड फील्ड’ या व्हिडिओ गेमने नेमके हेच उचलले. दोन बटणे आळीपाळीने जितक्या वेगाने बडवावीत, तितका पडद्यावरचा धावपटू जोरात पळतो. फळी ओलांडण्याआधी तिसरे बटण दाबावे लागते आणि ते जितका वेळ धरून ठेवावे तितका उडीचा कोन वाढत जातो. मांड्यांऐवजी मनगटे भरून येतात, पण दमणे खरेच असते.

गोल्फमध्ये मात्र जोरापेक्षा लय महत्त्वाची. निन्टेंडोच्या १९८४ च्या ‘गोल्फ’मध्ये एका पट्टीवरून खूण सरकते: पहिल्या दाबाने ती निघते, दुसऱ्याने फटक्याचा जोर ठरतो आणि परतीच्या वाटेवर तिसरा दाब क्षणभर जरी चुकला, तरी चेंडू सरळ रेषा सोडून वळतो. काठी मागे नेऊन पुन्हा चेंडूवर आणण्याची क्रिया येथे निव्वळ वेळेच्या हिशेबात उतरली आहे.

शरीराच्या हालचालीचा आकार जपण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न मला २००७ च्या ‘स्केट’ या स्केटबोर्डिंगच्या गेममध्ये दिसतो. कंट्रोलरवरची, अंगठ्याने हलवायची उजवी स्टिक खाली ओढली की स्केटर गुडघे वाकवतो, आणि तीच झटक्यात वर ढकलली की फळीसकट उसळी घेतो. झटका तिरका दिला, तर फळी पायांखाली गिरकी घेते. अंगठा येथे पायाचीच नक्कल करतो.

२००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’ने तर टेनिससाठी हातातला रिमोटच रॅकेटसारखा फिरवायला लावला. त्यातला सेन्सर मुख्यतः त्वरण मोजत असल्याने, सोफ्यावर बसून मनगटाला हिसका दिला तरी फटका बसत असे, आणि चेंडूमागे धावण्याचे काम खेळ परस्पर उरकून टाकी. विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, उभारलेल्या टेनिसमध्येही कोन ठरवायला एक फिरती खुंटी आणि फटका मारायला एक बटण, एवढेच हाती होते. पडद्यावर जाळी होती, चेंडू होता, पण धावायला कोणी नव्हतेच.