पाणीपाळी संपायच्या आत निकाल हवा

श्रोते हो, नमस्कार.

हरभरा फुलावर आला, की आपल्या भागात रात्री कॅनलच्या कडेनं बॅटऱ्या फिरायला लागतात. वरच्या वावरांत पाणी धुरे ओलांडून वाहतं आणि मायनरच्या, म्हणजे कॅनलच्या छोट्या फाट्याच्या, शेवटी वावर असलेला शेतकरी कोरड्या पाटात उभा असतो. शेजाऱ्याशी भांडण्यापलीकडे त्याला मार्ग दिसत नाही.

मार्ग कायद्यात आहे. २००५ साली महाराष्ट्रानं दोन कायदे केले. एकातून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, दुसऱ्यानं कालव्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचं ठरलं. पाणी घनमीटरवर मोजून संस्थेला द्यायचं. हक्काचं पाणी मिळालं नाही, तर प्राथमिक तंटा निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागायची. त्याचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत प्राधिकरणाकडे अपील.

पण पीक एवढे दिवस थांबत नाही हो! अपिलाची मुदत संपेपर्यंत हरभऱ्याचे घाटे वाळून गेलेले असतात. पाणीपाळी, म्हणजे कॅनलला पाणी सोडलेले दिवस, सुरू असतानाच अधिकाऱ्यानं मायनरवर यावं, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि तिथंच लेखी निकाल द्यावा, अशी दुरुस्ती कायद्यात हवी. तो अधिकारी पाणी सोडणाऱ्या खात्यातला नसावा, हेही तितकंच महत्त्वाचं.

आणि पुरावा? मायनरच्या तोंडाशी मोजपट्टी असते. तिच्यावरची पाण्याची उंची वाचली, की किती पाणी वाहतंय हे तक्त्यावरून काढता येतं. पट्टी गाळात बुडालेली असेल, आकडे पुसले असतील, तर घनमीटरचा हक्क सिद्ध कसा करणार?

मोठा वाद धरणाच्या पातळीवर होतो. ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून अमरावती जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर आले. पुढं २०११ च्या दुरुस्तीनं शेतीला किती, उद्योगाला किती, हे ठरवायचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. ज्यांच्या वाट्याचं पाणी वळवायचं, त्यांचं म्हणणं आधी तालुक्याच्या गावी ऐकून घ्यावं, ते नोंदवावं आणि मान्य केलं नाही तर कारण लिहून द्यावं. माझ्या मते सगळ्यांत निकडीची सुधारणा हीच आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. रब्बीची पहिली पाळी सुटण्याआधी तुमच्या संस्थेचा करारनामा काढून घ्या. हंगामाला किती घनमीटर पाणी लिहिलंय, ते सभेत सगळ्यांना वाचून दाखवा. पट्टीचा गाळ काढा. पाळीत रोज सकाळ-संध्याकाळ पातळी वहीत लिहा आणि कालवा निरीक्षकाची सही घ्या.

नमस्कार.