आधी दोन पायपांना हात लावा

नमस्कार मंडळी, काय म्हणतेय थंडी? मी अमेरिकेतल्या मिनेसोटातून बोलतोय, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा पहिला मान माझा. आज जरा गाडीच्या हीटरबद्दल बोलू. तिकडे पुण्या-नाशकात बसून ऐकणारे हसतील, गाडीला हीटर कशाला, आमचा एसी धड चालला तरी बास. पण इथे जानेवारीत मायनस २० सेल्सिअस झालं तर कोणी त्याची बातमीसुद्धा करत नाही, ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये मायनस ३३ झालं होतं तेव्हा कुठे लोक जरा चपापले. आणि अशा थंडीत हीटर बंद पडला की काचेवर आतून बर्फ धरतो, आपल्याच श्वासाचा, मग एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात जुनं एटीएम कार्ड घेऊन काच खरवडत चालवायचं. मी केलंय हे, तुम्ही करू नका.

तर माझ्याकडे एक जुना पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेला. गणपतीत मंडळाचे ढोल वाहतो, एरवी घरातला राडा. मागच्या हिवाळ्यात त्याचा हीटर रुसला. ब्लोअर अगदी जोरात पण हवा गार, हायवेला जरा कोमट वाटायची आणि सिग्नलला थांबलो की परत गार.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. कोणीतरी म्हणालं थर्मोस्टॅट गेला असेल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याला थंड करणाऱ्या पाण्याची वाट अडवून धरणारी झडप, लगेच नवीन आणला, अख्खा शनिवार घालवला, बोटं सोलून घेतली आणि बदलला. हवा तशीच गार! खरं तर उत्तर समोर दिसत होतं हो, टेंपरेचरचा काटा नेहमीसारखा मधोमध उभा होता. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर इंजिन नीट तापलंच नसतं, काटा खालीच लोळत राहिला असता. काटा मधे आहे म्हणजे इंजिन तापतंय, फक्त ती ऊब माझ्यापर्यंत पोचत नाहीये. एवढं डोकं चालवायला मला आठवडा लागला.

तोवर एका गॅरेजवाल्याने सांगून टाकलं की डॅशबोर्ड काढावा लागेल, हजार डॉलरच्या वर जाईल. मी गपगार घरी आलो.

मंडळात माझा एक मित्र आहे, कोल्हापूरचा, त्याच्या वडिलांचं आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्तीत गेलंय. त्याने तिकडे व्हिडिओ कॉल लावला आणि काकांना बॉनेटच्या आतलं दाखवलं. काकांनी अमेरिकन पिकअप जन्मात पाहिलेला नाही, पण पहिला प्रश्न काय, तर "पायपाला हात लावून बघितलास का रं?" मी म्हटलं कुठल्या पायपाला काका? मग त्यांनी फोनवरूनच माझी शाळा घेतली.

आपल्याला वाटतं हीटर म्हणजे गिझरसारखी कॉइल असेल. तसं काही नाही. इंजिन थंड ठेवायला जे कूलंट फिरत असतं तेच डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं, त्याला हीटर कोर म्हणतात, ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो, झालं. म्हणजे इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आपण शेकायला घेतो. म्हणून तर आपल्याकडे घाट चढताना इंजिन तापलं की जाणते ड्रायव्हर भर उन्हात हीटर फुल करतात, स्वतः घामाघूम होतात पण काटा खाली आणतात.

या कोरला दोन रबरी पाईप जातात, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, एक आत नेणारा एक बाहेर आणणारा. गाडी तापू द्यायची, हीटर फुलवर ठेवायचा आणि दोन्ही पायपांना हात लावायचा, जपून, पंख्यापासून लांब. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकलीय नाहीतर पंप ढकलत नाहीये. दोन्ही चांगले गरम आणि तरी हवा गार, तर कोर ठीक आहे, आतली हवा वळवणारी झडप अडकलीय, तिच्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते झिजले की डॅशबोर्डमधून टकटक ऐकू येतं. आणि एक गरम, एक गार? म्हणजे कोर तुंबलाय. माझा एक चटका बसेल असा आणि दुसरा मेल्यासारखा गार. "झालं की मग," काका म्हणाले, "उलटं पाणी मार."

सांगायला सोपं! इथे बाहेरचा नळ ऑक्टोबरमध्येच बंद करून ठेवावा लागतो, नाहीतर पाईप फुटतो. मग कपडे धुवायच्या सिंकपासून गॅरेजपर्यंत लांबलचक होज ओढला, बायको दारात उभी, "हे तू बादलीत पाडणारेस ना?" इंजिन पूर्ण गार करून दोन्ही पाईप सुटे केले, आतलं कूलंट बादलीत धरलं आणि बाहेर येणाऱ्या तोंडातून हळू दाबाने पाणी सोडलं, हळूच, कारण कोरच्या नळ्या नाजूक असतात, जोरात मारलं तर फुटायच्या आणि मग खरंच डॅशबोर्ड काढायचा. आधी काहीच येईना. मग एकदम भसकन चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी आणि त्यात चंदेरी कण. आधीच्या मालकाने कुठलीतरी गळती थांबवायला ती बाटलीतली पूड ओतली असणार, ती गळती बुजवते तशी या बारीक नळ्याही बुजवते. स्वच्छ पाणी येईपर्यंत आलटून पालटून दोन्हीकडून धुतलं.

इथे एक गोष्ट विसरू नका. आत साधं पाणी राहिलं आणि रात्री गोठलं तर कोर फाटतो, म्हणून फुंकून काढायचं आणि कूलंट भरायचं. तेही निम्मं कूलंट निम्मं शुद्ध पाणी. मी आधी नुसतं कूलंट ओतणार होतो, जास्त चांगलं ना, तर उलटं आहे, नुसतं इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मायनस १३ च्या आसपासच गोठतं आणि निम्मं-निम्मं मिश्रण मायनस ३७ पर्यंत टिकतं. मग गाडीचं नाक चढावर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं, हीटर फुल, इंजिन चालू, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं आणि वरून भरत राहायचं. झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं हं, तापल्यावर उघडलं तर उकळता फवारा थेट तोंडावर. आणि सांडलेलं लगेच पुसा, ते चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजराने चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो.

ब्लोअर फक्त सगळ्यात जोरात चालतो आणि कमीवर चालतच नाही असं असेल तर बहुतेक ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलाय, स्वस्तातलं काम. पण गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं आणि शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं, असं असेल तर कोर गळतोय, तिथे धुऊन भागत नाही.

माझा मात्र त्या संध्याकाळी असा गरम झाला की बायकोनेच काच खाली केली, बाहेर मायनस १५!

आता इथे गाड्यांच्या जाळीतून एक वायर लोंबत असते, पाहिली असेल तुम्ही, ती इंजिन रात्रभर कोमट ठेवायची. शेजारच्याच नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी पोकळ बोल्टमध्ये हीटर बसवून तो इंजिनच्या हेडमध्ये घातला, १९४९ ला पेटंट मिळालं त्याचं. ती लावली की सकाळी गाडी पटकन सुरू होते आणि हीटरही लवकर गरम होतो. मी रोज लावतो. फक्त मागच्या मंगळवारी काढायची विसरलो आणि तशीच गाडी रस्त्यावर काढली, मागे पंचवीस फूट नारिंगी वायर फरफटत, सिग्नलला एकाने काच खाली करून सांगितलं तेव्हा कळलं.