तेल निर्दोष

नमस्कार श्रोतेहो. बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलांपासून बनवलेलं इंधन, डिझेलमध्ये घातलं की ट्रकचा धूर कमी होतो, असं सांगतात. होतो. पण किती, हे एकटं इंधन ठरवत नाही. मिश्रण किती, ओझं किती आणि गाडीची तब्येत कशी, हे तिन्ही बघावं लागतं. मिश्रण, ओझं, तब्येत.

यातल्या तब्येतीवरून जालन्याचा एक किस्सा सांगतो. रुईच्या गाठी वाहणारे एक ट्रकमालक. त्यांच्या दोन गाड्या, एकाच वयाच्या. दोन्हींत एकाच टाकीतलं, वीस टक्के बायोडिझेलचं मिश्रण. एक गाडी गुमान चालायची. दुसरी कन्नडच्या औट्रम घाटाला लागली की ओढायची नाही आणि मागच्यांना रस्ता दिसणार नाही एवढा काळा धूर सोडायची. मालक तावातावानं गॅरेजवर आले. "चाचा, ह्या नव्या तेलानं इंजिन खाल्लं. टाकी रिकामी करा!"

चाचा म्हणजे डिझेल पंपाचे जुने मिस्त्री. ते म्हणाले, "शेठ, तेल दोघींत एकच नं? मग हिनंच काय पाप केलं?"

आधी डिझेल फिल्टर उघडला. आत काळाकुट्ट गाळ. मालक म्हणाले, "बघा!" चाचा म्हणाले, "बघतोय. हा तुमच्या जुन्या डिझेलचा मळ. टाकीच्या बुडाला वर्षानुवर्षं बसलेला. नव्या तेलानं तो धुऊन काढला अन् इथं आणून अडकवला. म्हणून गाडी ओढत नाही." मग एअर फिल्टर काढला. जिनिंगच्या आवारात उभं राहून राहून त्यावर रुईचा जाड थर बसलेला. चाचांनी तो मालकांच्या पांढऱ्या सदऱ्यासमोरच झटकला. सदऱ्याचं काय झालं ते विचारू नका. मागून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मालक, मी बोललो होतो. तुम्ही म्हणले, पुढच्या खेपेला बघू." सगळं गॅरेज हसलं.

दोन्ही फिल्टर बदलले, धूर गेला. आणि चाचांनी बिलावर काय लिहिलं माहितीये? 'फिल्टर दोन नग. तेल निर्दोष.'

चुलीला हवा कमी पडली की काय होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. इंजिनातही तेच. बायोडिझेलमध्ये वजनानं सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून काजळी कमी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००२ मध्ये अवजड इंजिनांच्या चाचण्यांचा आढावा घेतला. वीस टक्के मिश्रणाला काजळीचे कण सुमारे १० टक्के कमी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के कमी. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र २ टक्के जास्त. हे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत, आणि डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात. पुन्हा सांगतो, पीयूसी धूर बघते, सगळा वायू नाही.

बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या कडक नियमांच्या गाड्यांत काजळीची गाळणी आणि हे ऑक्साइड कमी करणारं, ड्रायव्हर लोक ज्याला युरिया म्हणतात ते द्रावण असतं, त्यामुळे नळीतून बाहेर पडताना इंधनाचा फरक फार थोडा उरतो. ओझ्याचं मी काय बोलू? क्षमतेबाहेर ऊस भरून चढावर गाडी रडवायची आणि दोष तेलाला द्यायचा, ही आपली जुनी खोड.

बायोडिझेल वापरलेल्या तळणीच्या तेलापासूनही बनतं. आमच्या भजीवाल्यांनी तेच तेल आठवडाभर उकळण्यापेक्षा तिकडे दिलं, तर ट्रकचं राहू द्या, निदान माझं पोट तरी सुखी होईल!

थंडीचं राहिलंच. परभणीत पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो. पामतेलाचं बायोडिझेल त्याच्या कितीतरी आधीच गढूळ होऊन फिल्टरमध्ये थिजू लागतं. तेव्हा हिवाळ्यात मिश्रण कमी ठेवा. रस्त्याकडेला स्वस्तात मिळतं ते दर वेळी बायोडिझेलच असतं असं नाही. आयएस १५६०७ या मानकाचं आहे का, विचारा. आणि कंपनीनं किती टक्क्यांपर्यंत परवानगी दिलीय, ते गाडीच्या पुस्तकात बघून मगच टाकी भरा. नमस्कार.