सात-बारा ते आय-526ई: मकरपुऱ्यातल्या एका शेडची फाइल

(मकरपुरा जीआयडीसी, सकाळ. लेथचा आवाज पाच-सहा सेकंद तसाच चालू द्यायचा.)

हा आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, आजोबांनी एका सेकंडहँड लेथवर सुरू केलेली ही शेड, आता मामा चालवतो, व्हॉल्व्हचे पार्ट बनतात, आणि मशीनसमोर निळा शर्ट घालून उभा आहे तो मामाच. नाव नको म्हणाला, चेहराही नको, हात दाखव म्हणाला, म्हणून कॅमेरा बराच वेळ हातांवरच आहे.

मामा, मामी आणि माझी मामेबहीण अमेरिकेला जायच्या तयारीत आहेत. नोकरीवर नाही, शिकायलाही नाही, ईबी-5 मधून. म्हणजे तिकडच्या धंद्यात पैसे घालायचे, त्यातून 10 जणांना पूर्णवेळ काम मिळालं पाहिजे, मग ग्रीन कार्ड. ही सोय तिकडच्या 1990 च्या कायद्यातली. तेव्हा सवलतीच्या भागांसाठी किमान आकडा 5 लाख डॉलर होता आणि 2019 पर्यंत तोच राहिला, 2022 च्या नव्या कायद्यानंतर ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात 8 लाख, बाकी ठिकाणी साडेदहा लाख. मामाने ग्रामीण घेतलं. आकडा कमी म्हणून तर खरंच, पण दरवर्षीच्या व्हिसांपैकी 20 टक्के ग्रामीणसाठी राखीव असतात आणि भारतीयांची मोठी रांग आहे ती राखीव नसलेल्या गटात. बहीण 19 ची आहे, 21 झाली की ती आईबापाच्या अर्जात बसत नाही. अर्ज तपासण्यात जो वेळ जातो तो वयातून वजा होतो, पण नंतर व्हिसाच्या रांगेत गेलेला होत नाही.

(अलकापुरी, संध्याकाळ, बोर्डांवरून पॅन.)

हे व्हिसा एजंटांचे बोर्ड वडोद्यात सगळ्यांनी पाहिलेत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूके, सगळ्यांवर झेंडे. बोर्ड तेच राहतात पण आतले रस्ते बंद होत जातात. कॅनडाची केंद्राची इन्व्हेस्टर स्कीम 1986 ला सुरू झाली ती 2014 ला गेली, ब्रिटनचा इन्व्हेस्टर व्हिसा फेब्रुवारी 2022 ला, ऑस्ट्रेलियाचा 2024 ला, स्पेनचा एप्रिल 2025 ला. इथल्याच एका ऑफिसात मामाला सांगितलं होतं की कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचा पासपोर्ट घ्या, तिथून अमेरिकेचा ई-2 व्हिसा, म्हणजे धंद्यात पैसे घालून तिथे राहायचा तात्पुरता व्हिसा, स्वस्तात काम होतं. ई-2 साठी अमेरिकेशी करार लागतो, तो भारताचा नाही आणि ग्रेनाडाचा आहे, इथवर खरं. पण डिसेंबर 2022 पासून, पैसे देऊन नागरिकत्व घेतलं असेल तर आधी 3 वर्षं त्या देशात राहावं लागतं, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. ही दोन वाक्यं त्या टेबलावर कोणी बोललं नाही. मामाला ती कायदा वाचताना सापडली, स्वतः, रात्री, चष्मा लावून. म्हणूनच ही फिल्म करावीशी वाटली मला.

(दांडिया बाजारातलं घर, वरून घेतलेला शॉट, फरशीवर कागद.)

हा शॉट जिन्यात उभं राहून घेतलाय, खाली पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांना वाटतं हा पैशांचा व्हिसा आहे, पैसे भरले की झालं. पैसा किती हे एका पानात संपतं, तो आला कुठून हे सांगायला ही सगळी फरशी लागते. डावीकडे मामाचे वर्षानुवर्षांचे रिटर्न आणि बँक स्टेटमेंट, मधे जीआयडीसीच्या शेडचे लीजचे कागद, खिडकीजवळ पादरा रोडच्या जमिनीचा सात-बारा, आजोबा गेल्यावर झालेली वारसाईची नोंद, मग विक्रीचा दस्तावेज.

त्या दस्तावेजावर कॅमेरा मुद्दाम थांबवलाय. जमीन घ्यायला आधी तिघं आले आणि तिघांचं म्हणणं एकच, कागदावर इतके दाखवू, बाकीचे वरचे रोकड. आपल्याकडे हे इतकं रोजचं झालंय की नाही म्हणणारा माणूस वेडा वाटतो, पण मामा नाही म्हणाला, कारण जे कागदावर नाही ते तिकडच्या अधिकाऱ्यापुढे तुमचं नाहीच, आणि मला विचाराल तर इथेही असंच असायला पाहिजे. आठ महिने जमीन पडून राहिली. शेवटी पूर्ण व्हाइटमध्ये, पूर्ण बँकेतून विकली गेली, भाव कमी आला. तो कमी आलेला भाव आमच्या घरात कोणाला खुपत नाही.

बँकेत कॅमेरा नेऊ दिला नाही म्हणून तिथलं तोंडी सांगते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, आणि यासाठी बँकेकडून कर्ज काढून चालत नाही. म्हणून मामाने मामीच्या नावे गिफ्ट डीड केलं, दोघांचे मिळून 5 लाख मार्चमध्ये गेले, उरलेले 3 लाख एप्रिलमध्ये, नवीन वर्ष लागल्यावर. वर्षाला माणशी 10 लाख रुपयांच्या वर जे जातं त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापायचा आयकर, वरून घेते, रिटर्न भरताना ते वळतं होतं पण तोपर्यंत तेवढी रक्कम हाताशी लागते, हे आधी धरून चाला.

सीएची तारीख, वकिलाची तारीख, सगळं पळत झालं कारण 30 सप्टेंबर 2026 च्या आत अर्ज गेला तर पुढे रिजनल सेंटरचा, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून प्रकल्पात घालणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचा, कार्यक्रम बंद पडला तरी अर्ज चालू राहतो असं कायद्यातच लिहिलंय. तो अर्ज म्हणजे आय-526ई. मंजूर झाला की मुंबईला मुलाखत, मग 2 वर्षांचं सशर्त कार्ड, मग नोकऱ्या खरंच झाल्या हे दाखवून कायमचं. पैसे परत मिळायची हमी नसते, कायद्यानेच देता येत नाही.

(शेड, टेम्पोत मशीन चढवताना.)

शेड जाईल. सात कारागीर होते, तिघं शेजारच्या शेडमध्ये लागलेत, बाकीच्यांचं बघणं चालू आहे.

(पुन्हा घर. आजी, खिडकीचा उजेड, लाल कापडात बांधलेले चोपडे.)

पहिली लेथ कुठल्या पैशातून आली हेही वकिलाला फाइलमध्ये हवं होतं, आणि त्याचा कागद म्हणजे आजोबांचे हे हिशेबाचे चोपडे. अक्षरं मराठी, आकडे गुजराती, शाई बरीच उडालेली. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर लागतं, आणि भाषांतर अचूक आहे असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. आमचा भाषांतरकार आला, पहिल्याच पानावर अडला. मग आजीने चोपडा त्याच्याकडून घेतला आणि ती वाचायला लागली, तो लिहायला लागला, दोन दुपारी असंच चाललं, आजोबांचं अक्षर तिला लागतं.

इथून पुढे आवाज आजीचाच ठेवलाय.

(आजी वाचतेय: "मोटर एक. पट्टा दोन. तेल. हमालाला चहा.")